फुलांचा सुवास व कीटक

फुलांचा सुवास मनुष्यासाठी नसून कीटकांसाठी असतो, ही गोष्ट मुलांना पुस्तकातून सांगण्यापेक्षा शाळेच्या कुंपणापाशी दाखवावी. रातराणी रात्रीच का दरवळते? तिचे पाहुणे असलेले पतंग रात्रीच हिंडतात म्हणून. तुळशीच्या मंजिऱ्यांवर मधमाश्या सकाळी येतात.

वर्धा जिल्ह्यात कपाशीच्या कडेने झेंडू लावावा, तो केवळ दसऱ्यासाठी नव्हे. हिरव्या बोंडअळीची मादी झेंडूवर अंडी घालते. तेथील अंडी व अळ्या वेचून नष्ट करता येतात. गुलाबी बोंडअळीस मात्र हा उपाय लागू पडत नाही, हेही सांगावे.

२०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. म्हणूनच औषध हाती घेण्यापूर्वी कीड ओळखणारी दृष्टी हवी. हाताने काम करीत शिकण्याचा विचार १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतच मांडला गेला. त्यास अनुसरून प्रत्येक शाळेने झेंडूचा एक वाफा करावा आणि कोणता कीटक केव्हा आला, याची नोंद मुलांनी वहीत ठेवावी.