पुसलेलें खरेंच पुसलें जातें काय?

अंधेरी-बोरिवलीच्या घराघरांतून आज बँकेचा व्यवहार संगणकावर चालतो. गृहस्थ आपला गुप्त संकेतशब्द भरतो, खातें उघडतें, आणि काम संपलें कीं संकेतशब्दही संपला असें तो मानतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. काम झाल्यावर संगणकाचा कार्यक्रम स्मृतींतील ती जागा 'मोकळी' म्हणून परत करतो, एवढेंच. भाडेकरू निघून गेला, किल्ली मालकास मिळाली. परंतु भिंतीवर त्यानें लिहून ठेवलेले आकडे पुढचा कोणी रंग लावीपर्यंत तेथेंच राहतात.

हे आकडे परक्याच्या हातीं कसे पडतात, तें २०१४ च्या एप्रिलांत जगाला कळलें. असंख्य संकेतस्थळांच्या संरक्षणासाठीं वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल या साधनांत एक दोष सांपडला. त्याला 'हार्टब्लीड' असें नांव पडलें. दूरवरून एक फसवी मागणी पाठवावी आणि उत्तरादाखल स्मृतीचा ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा घ्यावा, असा तो प्रकार. त्या तुकड्यांत इतरांचे संकेतशब्द असूं शकत, गुप्त किल्ल्याही.

तेव्हां जागा सोडण्यापूर्वीं तींत शून्यें भरावींत, हा उपाय कोणासही सुचेल. सी भाषेंत त्यासाठीं 'मेमसेट' आहे. पण खरी गंमत येथेंच आहे. मनुष्यानें लिहिलेला कार्यक्रम यंत्राच्या भाषेंत उतरविणारा कंपायलर हा मोठा काटकसरी कारभारी. जें लिहिलें जात आहे तें पुढें कोणी वाचणार आहे काय, असें तो पदोपदीं विचारतो. शून्यें तर कोणीच वाचीत नाहीं. म्हणून तो ती आज्ञाच गाळूं शकतो, आणि संकेतशब्द जसाच्या तसा राहतो. यांत त्याचा अपराध नाहीं. भाषेचा करार दृश्य फळापुरता असतो. गुप्ततेचें कलम त्यांत नाहीं. कोणतें मूल्य पुढें उपयोगी पडणार, म्हणजे 'जिवंत' आहे, हें ठरविण्याचें शास्त्र पवईच्या आय. आय. टी.त चांगलें रुजलें आहे. उदय खेडकर, अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांचा या विश्लेषणावरील इंग्रजी ग्रंथ २००९ सालीं प्रसिद्ध झाला.

अर्थात् न गाळतां येणारी आज्ञा निराळी करावी लागली. विंडोजवर 'सिक्युअरझीरोमेमरी' आहे; ओपनबीएसडीनें २०१४ मध्यें 'एक्सप्लिसिट बीझीरो' दिली. सी भाषेच्या २०११ च्या मानकांत 'मेमसेट एस' आली खरी, पण ऐच्छिक भागांत. म्हणून पुष्कळांनीं ती घेतलीच नाहीं. अखेर सी-२३ या मानकानें 'मेमसेट एक्सप्लिसिट' मूळ ग्रंथालयांत आणली.

मूळ जागा अशी पुसली तरी कामाच्या ओघांत झालेल्या नकला उरतात. जावा भाषेंत एकदां तयार झालेली अक्षरमाला बदलतांच येत नाहीं, म्हणून जाणते लेखक संकेतशब्द सुट्या अक्षरांच्या रांगेंत ठेवतात व लगेच ती रांग पुसतात. कधीं संगणक स्मृति अपुरी पडल्यास तिचा कांहीं भाग चकतीवर उतरवून ठेवतो, आणि तेथें ती नक्कल बराच काळ राहूं शकते. वीज तोडली कीं सारें गेलें, हेंही पुरतें खरें नाहीं: प्रिन्स्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं २००८ मध्यें दाखविलें कीं त्यानंतरही स्मृतींतील मजकूर कांहीं सेकंद टिकतो, आणि चिप थंड केल्यास त्याहून पुष्कळ अधिक.