चंद्रभागेचं पाणी आणि युरियाचं पोतं
(शताब्दी सोहळ्यातील भाषण)



शंभर वर्षं आपली दिंडी इंद्रायणीकाठून निघून चंद्रभागेला पोचते. पाणी पण त्याच वाटेनं येतं. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, पुढं पुण्याचं मैलापाणी घेऊन मुळा-मुठा येते, सगळं उजनीत साठतं. आषाढीला उजनीतून सोडतात तेच आपलं तीर्थ.

त्या पाण्यात नत्र फार झालंय. नत्राला आपण घाबरत नाही, कारण ते आपल्या ओळखीचं. 45 किलोच्या युरियाच्या पोत्यात 20 किलोंहून थोडं जास्त नत्र असतं. उसाला टाकलं, वरून पाट भरून सोडला, की पिकाला लागेल तेवढं पीक घेतं आणि बाकीचं बरंचसं निचऱ्याबरोबर ओढ्याला जातं. तिथं ते जलपर्णीला नि शेवाळाला लागू पडतं. उजनी हिरवी होते ती या नत्रानं आणि सोबतच्या स्फुरदानं. शेवाळ मरून कुजलं की पाण्यातला प्राणवायू खातं. मग पहाटे मासे वर येऊन तडफडतात. (इंद्रायणीचा फेस बराचसा साबणाच्या सांडपाण्याचा, ती कथा वेगळी.)

पण एकट्या शेतकऱ्याला बोल लावणं आम्हाला पटत नाही. एक माणूस दिवसाला 10-12 ग्रॅम नत्र अंगावाटे टाकतो, त्यातलं बहुतेक लघवीतून. लाख माणसांचं एका दिवसाचं हजार किलोंच्या वर जातं, म्हणजे पन्नासेक पोती युरिया! शहरांचं हे रोजचं आहे. आणि वारीत आपण किती असतो, ते सांगायला नको.

पाण्याचा कायदा 1974 चा. 1986 च्या नियमांप्रमाणे नदीत सोडायच्या पाण्यात अमोनियाचं नत्र लिटरला 50 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. आमच्या मते ही फार सैल दोरी. 2019 ला राष्ट्रीय हरित लवादानं मैलाशुद्धीकरण केंद्रांसाठी एकूण नत्र 10 मिलिग्रॅम सांगितलं. पण नुसती घाण कमी करणाऱ्या केंद्रातून नत्र निघत नाही; त्याला हवेची आणि बिनहवेची अशी वेगळी टाकी लागते, खर्च लागतो. आणि शेतातून झिरपणाऱ्या पाण्याला तर परवाना नाही नि तपासणीही नाही.

हेच नत्र नायट्रेट होऊन विहिरीत, बोअरात उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नको. जास्त झालं तर वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या लेकराचं रक्त प्राणवायू नेईनासं होतं, ओठ निळे पडतात. आयाबायांनो, पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटल्यानं वाढतं. तुरटीही चालत नाही.

म्हणून यंदापासून मुक्कामी ओढ्याकाठी कुणी बसायचं नाही. फिरत्या शौचालयांचा मैला कुठं रिकामा होतो, हे चोपदारांनी रोज विचारून घ्यायचं. आणि वारीहून परतल्यावर प्रत्येक गावच्या मंडळींनी ग्रामपंचायतीकडं आपल्या बोअरच्या नायट्रेटचा आकडा मागायचा. कार्तिकीला भेटू तेव्हा ते आकडे विणेकऱ्यांकडं द्या.