बुद्धिबळाचें गांव

जर्मनींत सुटी घालविण्यास गेलेला प्रवासी हार्ट्स पर्वताची वनश्री पाहतो, हाल्बरश्टाट शहरांतील प्राचीन कॅथीड्रल पाहतो आणि बहुधा तेथूनच माघारी वळतो. परंतु त्या शहराच्या पश्चिमेस, अगदीं थोड्या अंतरावर, श्ट्रोबेक नांवाचें एक लहानसें खेडें आहे. ज्याला बुद्धिबळाचा नाद आहे, त्यानें तें चुकवूं नये. गांवच्या चौकांत फरसबंदीवरच चौसष्ट घरांचा पट आंखलेला असून गांवाला बुद्धिबळाचें स्वतःचें संग्रहालय आहे.

सुबक मोहऱ्यांचे संग्रह मोठमोठ्या राजधान्यांतहि पाहावयास मिळतात. श्ट्रोबेकचा विशेष असा कीं, येथें पटाबरोबर तो पट खेळणाऱ्या शेतकऱ्यांचा इतिहासहि पाहावयास सांपडतो.

या इतिहासाचा आरंभ एका आख्यायिकेनें होतो. इ. स. 1011 मध्यें गुंट्सेलिन नांवाचा एक सरदार हाल्बरश्टाटच्या बिशपच्या कैदेंत होता. त्याला श्ट्रोबेकच्या बुरुजांत ठेवलें होतें, आणि पाळीपाळीनें पहाऱ्यास येणाऱ्या शेतकऱ्यांना त्यानें वेळ घालविण्यासाठीं बुद्धिबळें शिकविलीं, असें सांगतात. या कथेला समकालीन लेखी आधार नाहीं. बुरुज मात्र अद्याप उभा आहे. पुढें ब्रुन्स्विकचा ड्यूक झालेल्या आउगुस्टनें 1616 मध्यें टोपणनांवानें बुद्धिबळावर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत या गांवाचा उल्लेख आहे. म्हणजे त्या काळींच गांवाची कीर्ति दूरवर पोंचली होती.

संग्रहालयांतील सर्वांत मोलाची वस्तु म्हणजे 1651 मध्यें ब्रांडेनबुर्गचा राजा-निर्वाचक फ्रीड्रिख विल्हेल्म यानें गांवाला दिलेला लांकडी पट. त्याच्या एका बाजूस नेहमींचा खेळ आहे व दुसऱ्या बाजूस ‘कुरियर’ नांवाचा, बारा बाय आठ अशा शहाण्णव घरांचा जुना खेळ. पटासोबत रुप्याचीं मोहरींहि मिळालीं होतीं. तीं कोणास तरी उसनीं दिलीं गेलीं आणि परत आलीं नाहींत, असें गांवांत सांगतात.

गांवाचे नियमहि स्वतंत्र होते. प्यादें शेवटच्या घरांत पोंचलें म्हणजे तत्काळ वजीर होत नसे. त्याला आठव्या ओळींतून सहाव्या, तींतून चौथ्या व तींतून दुसऱ्या ओळींत, अशा तीन उड्यांनीं मूळ जागीं परतावें लागे. तेव्हां कोठें त्याला बढती मिळे. या उड्यांना गांवकरी ‘आनंदाच्या उड्या’ म्हणत. ज्या परगांवच्या तरुणाला येथील मुलगी करावयाची असे, त्याला मराठी मुलखांतील पाटलासारखा जो गांवप्रमुख असे त्याच्याशीं एक डाव खेळावा लागे. हरला तर त्यानें गांवाच्या तिजोरींत दंड भरावा, अशी चाल होती.

मराठी श्रोत्याला येथें घरची आठवण झाल्याखेरीज राहणार नाहीं. देशी पद्धतींत प्यादें पहिल्या खेळींतहि एकच घर चाले, आणि शह बसण्यापूर्वी राजाला एकदां घोड्याची चाल करतां येई. आंतरराष्ट्रीय नियम रूढ झाल्यावर श्ट्रोबेकच्या नियमांप्रमाणें हे नियमहि मागें पडले. फरक इतकाच कीं, श्ट्रोबेकनें आपले जुने नियम जतन करून ठेवले. कित्येक मराठी घरांत ते आजोबांबरोबरच गेले.

हें जतन केवळ कांचेच्या कपाटांनीं झालेलें नाहीं. 1823 पासून गांवच्या शाळेंत बुद्धिबळ हा शिक्षणाचा विषय झाला. पोषाख घालून मुलेंच मोहरीं होतात आणि सजीव पटावर डाव मांडतात. 1894 पासून 1921 पर्यंत जगज्जेता असलेल्या डॉ. इमान्युएल लास्करचें नांव येथील माध्यमिक शाळेला दिलेलें होतें. विद्यार्थ्यांची संख्या घटल्यामुळें ती शाळा 2004 मध्यें बंद झाली. गांवावर आलेला हा खरा शह होता. कारण उसनीं गेलेलीं मोहरीं पुन्हां घडवितां येतात, पण शिकणारीं मुलेंच नाहींशीं झालीं तर डाव कोण मांडणार? सुदैवानें प्राथमिक शाळेंत बुद्धिबळाचें शिक्षण पुढेंहि चालू राहिलें आणि 2016 मध्यें या परंपरेची नोंद जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत झाली.

हा खेळ भारतांतून इराणांत, तेथून अरबांबरोबर युरोपांत गेला, याचा अभिमान भारतीय प्रवाशाला वाटणें स्वाभाविक आहे. परंतु जन्मस्थान असणें निराळें व सांभाळ करणें निराळें. श्ट्रोबेक पाहून परतणाऱ्यानें घरीं आल्यावर फळीवरचा पट खालीं काढावा, मुलांना समोर बसवावें, आणि आजोबांचे नियम ज्या कोणाला अजून आठवत असतील त्याच्याकडून ते एकदां लिहून घ्यावे. प्रवासाचें सार्थक त्यांतच आहे.