घरातील जुना संगणक आणि मुक्तस्रोत प्रणाली



१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या संगणकप्रणालीचा नियमित आधार थांबविला. घरगुती ग्राहकांपैकी ज्यांनी नोंदणी केली त्यांना सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत, म्हणजे एक वर्षाची सवलत मिळाली, एवढेच. त्या दिवशी कोणाच्याही घरचा संगणक बंद पडला नाही. तो आदल्या दिवशीप्रमाणेच सुरू झाला आणि म्हणूनच अनेक कुटुंबांनी या घटनेची दखलही घेतली नाही. परंतु आधार थांबला याचा अर्थ असा की, त्या प्रणालीत यापुढे जे छिद्र सापडेल ते बुजविले जाणार नाही. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले जाते, त्या यंत्राविषयी अशी उदासीनता परवडणारी नाही.

त्यावर दुकानदाराचे उत्तर सोपे असते : नवा संगणक घ्या. विंडोज ११ ला यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. साधारणतः २०१८ पूर्वीचे बहुसंख्य संगणक या अटीत बसत नाहीत. त्यांचा पडदा, कळफलक, प्रोसेसर सारे ठणठणीत आहे, केवळ प्रणाली बदलली म्हणून ते भंगारात काढायचे, हे ज्या घरात जुन्या पातळाची गोधडी होते त्या घराला सहजासहजी पटणारे नाही.

दुसरा मार्ग आहे मुक्तस्रोत प्रणालीचा. 'स्रोत' म्हणजे आज्ञावलीचा मूळ मजकूर. बाजारातील तयार मसाल्याचे पाकीट आपण विकत आणतो, पण त्यात काय व किती हे आपल्याला ठाऊक नसते. मुक्तस्रोत प्रणालीत मसाल्याबरोबर कृतीही हाती येते. ती वाचण्याचा, बदलण्याचा आणि शेजाऱ्याला देण्याचा अधिकारही मिळतो. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली, १९९१ मध्ये हेलसिंकीतील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, आणि या दोहोंच्या संयोगातून जी प्रणाली उभी राहिली ती आज जगातील असंख्य सर्व्हर चालविते. आपल्या खिशातील अँड्रॉइड भ्रमणध्वनीच्या मुळाशीही लिनक्सचाच गाभा आहे. तेव्हा 'लिनक्स आपल्याला जमणार नाही' असे म्हणणारे गृहस्थ ती दिवसातून शंभर वेळा हाताळत असतात! केरळमधील शासकीय शाळांतील मुले तर कित्येक वर्षांपासून मुक्तस्रोत प्रणालीवरच संगणक शिकत आहेत.

नवशिक्याची पंचाईत होते ती निवडीपाशी. लिनक्सचे शेकडो अवतार आहेत आणि प्रत्येकाचे भक्त आपलाच देव जागृत असल्याचे सांगतात. त्या वादात शिरण्याचे कारण नाही. १९९३ मध्ये सुरू झालेली डेबियन, तिच्यावर आधारलेली २००४ ची उबुंटू आणि उबुंटूवर आधारलेली २००६ ची लिनक्स मिंट ही तीन पिढ्यांची वंशावळ लक्षात ठेवली तरी पुरे. आपल्या सी-डॅक संस्थेने २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय प्रणाली आणली. तिचेही मूळ डेबियनच. भारतीय भाषांची सोय हे तिचे वैशिष्ट्य, आणि तिच्याविषयी ममत्व वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ज्याने आयुष्यात केवळ विंडोजच पाहिली आहे, त्याने पहिले पाऊल मिंटवर टाकावे हे अधिक व्यवहार्य. तिचा पडदा विंडोजच्या सवयीला परका वाटत नाही. खाली डाव्या कोपऱ्यात सूची, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. आणि अडचण आली तर तीच अडचण पूर्वी आलेले व तिचे उत्तर लिहून ठेवणारे हजारो लोक आहेत. नवशिक्यासाठी हा गुण इतर सर्व गुणांहून मोठा मानावा. २०२४ मध्ये आलेल्या मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. यंत्रात ८ जीबी रॅम असेल तर तिचे 'सिनॅमन' रूप घ्यावे, ४ जीबी असेल तर 'एक्सएफसीई' हे हलके रूप. केवळ ३२-बिट प्रोसेसर असलेल्या अतिजुन्या यंत्रांना मात्र मिंटने २०२० पासून मुख्य आवृत्तीत जागा ठेवलेली नाही.

आता एक घर डोळ्यांसमोर आणू या. समजा, डोंबिवलीतील एका निवृत्त मुख्याध्यापकांचे. २०१४ चा डेस्कटॉप आहे. त्यावर कुटुंबाची बारा वर्षांची छायाचित्रे आहेत आणि आजोबांनी स्वतः टंकलेखन केलेला दोनशे पानांचा कुलवृत्तांत आहे. अभियांत्रिकीला असलेला नातू उत्साहाने म्हणतो, "आजोबा, अर्ध्या तासात नवी प्रणाली घालून देतो, तुम्ही नुसते बघा." त्याचे म्हणणे खरेही आहे. स्थापनेला खरोखरच अर्धा-पाऊण तास लागतो. परंतु अनर्थ घडतो तो याच अर्ध्या तासात. कारण स्थापनेच्या मध्यावर पडद्यावर एक प्रश्न येतो आणि त्यातील एका सोप्या वाटणाऱ्या पर्यायाचा अर्थ असतो, 'डिस्कवरील सर्व काही पुसून टाका'. ते एकदा पुसले की नातवाची अभियांत्रिकी कामाला येत नाही.

म्हणून पहिला दिवस स्थापनेचा नव्हे, तर मोजदादीचा असावा. घरातील सर्वांनी बसून लिहावे, या यंत्रावर आपण काय काय करतो? पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते, आंतरजाल, चित्रफिती, ई-मेल यांची चिंता नाही. मिंटसोबत लिब्रऑफिस व फायरफॉक्स येतातच. पण घरात कोणी टॅलीवर हिशेब लिहीत असेल, किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरून निविदा भरत असेल, तर तेथे थांबावे. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. खटपटीने चालविण्याच्या युक्त्या आहेत, पण उपजीविकेचे काम युक्तीवर टांगून ठेवू नये. अशा घराने विंडोज ठेवलेलीच बरी.

आणि आजोबांचा कुलवृत्तांत? येथे मराठी घरांची एक खास अडचण आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण मराठी लिहिले ते निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये. त्या फायलीत 'क' हे अक्षर साठविलेले नसतेच. साठविलेले असते एखादे रोमन अक्षर वा चिन्ह, आणि फाँट त्यावर 'क'चा मुखवटा चढवितो. मुखवटा गेला की पडद्यावर उरतो अर्थहीन चिन्हांचा खच. फाँटची फाइल नव्या प्रणालीत नेली तर बहुधा मजकूर वाचता येतो, मात्र टंकलेखनाची ती जुनी आज्ञावली विंडोजसाठीच लिहिलेली असते. यास्तव जुनी प्रणाली जिवंत आहे तोवरच दोन कामे उरकावीत. प्रत्येक दस्तऐवजाची पीडीएफ काढावी, म्हणजे अक्षरांचे रूप तिच्यातच बांधले जाते. आणि परिवर्तकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणून घ्यावा. परिवर्तक रफार आणि जोडाक्षरांपाशी हमखास अडखळतो. तेव्हा मूळ पान शेजारी ठेवून शब्दन्‌शब्द तपासावा लागतो. दोनशे पानांना महिना लागेल. लागू द्यावा.

त्यानंतर सर्व फायलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हेच.

मग पेन ड्राइव्ह. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच सुमारे ३ जीबीची आयएसओ फाइल उतरवून घ्यावी. तेथेच दिलेल्या सांकेतिक बेरजेशी ती पडताळावी आणि रुफस वा एचर या मोफत आज्ञावलीने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवावी. त्या पेन ड्राइव्हवर आधी असलेले सर्व पुसले जाते, हे विसरू नये. संगणक पुन्हा सुरू करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकी एक कळ दाबली (कंपनीगणिक ती निराळी) की कोठून सुरू व्हायचे ते विचारले जाते. पेन ड्राइव्ह निवडला की काही मिनिटांत मिंटचा पडदा समोर येतो.

आणि येथे या प्रणालीचे मोठे औदार्य दिसते. आत काहीही न बदलता ती पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. वेग थोडा कमी असतो, आणि बंद करताच केलेले बदल नाहीसे होतात, पण पारख करायला एवढे पुरे. वाय-फाय लागते का? आवाज येतो का? छपाईयंत्र पान काढते का? कळफलकाच्या मांडणीत मराठी जोडून इनस्क्रिप्टने चार ओळी लिहिता येतात का? आजोबांना अक्षरे पुरेशी मोठी दिसतात का? अशी दोन-तीन संध्याकाळी परीक्षा घ्यावी. वाय-फाय लागले नाही तर 'ड्रायव्हर मॅनेजर'मध्ये उपाय सापडतो का ते पाहावे, तोवर केबलने किंवा भ्रमणध्वनी यूएसबीने जोडून काम भागते.

पसंत पडल्यावरच पडद्यावरील 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' या चिन्हावर टिचकी मारावी. भाषा, कळफलक, मग तो प्रश्न. 'इन्स्टॉल अलाँगसाइड' म्हणजे विंडोजशेजारी जागा घेणे, 'इरेज डिस्क' म्हणजे सर्व पुसणे. दोन्ही प्रणाली शेजारी नांदवायच्या असतील तर विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' आधी बंद करावे. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तेही काढावे व त्याची पुनर्प्राप्ती-कळ कागदावर लिहून ठेवावी. पण डोंबिवलीच्या त्या घराला याहून उत्तम तोड आहे. डेस्कटॉपमधील जुनी फिरती हार्ड डिस्क काढून ठेवावी आणि तिच्या जागी नवी एसएसडी बसवून मिंट तिच्यावर घालावी. मग 'इरेज डिस्क' म्हटले तरी पुसण्यासारखे तेथे काही नसतेच. शिवाय जुन्या यंत्राला जो वेग येतो त्यातील मोठा वाटा प्रणालीपेक्षा या एसएसडीचाच असतो, हे लिनक्सप्रेमी मंडळी सहसा सांगत नाहीत.

पुढचे सोपे आहे. वापरकर्त्याचे नाव, परवलीचा शब्द, कालक्षेत्र म्हणून कोलकाता. यंत्र पुन्हा सुरू झाले की प्रथम 'अपडेट मॅनेजर'मधून दुरुस्त्या घ्याव्यात, आणि 'टाइमशिफ्ट' सुरू करावे, म्हणजे काही बिघडल्यास प्रणाली मागच्या दिवसावर नेता येते. ते प्रणाली जपते, छायाचित्रे नव्हे. त्यांच्यासाठी बाहेरची डिस्कच. विषाणूंचा उपद्रव येथे कमी. परंतु दूरध्वनीवरून ओटीपी मागणाऱ्या भामट्याला समोर विंडोज आहे की लिनक्स याने काही फरक पडत नाही.

पहिले दोन आठवडे आजोबा नातवाला हाका मारतील. फाइल कोठे गेली, छपाई दोन्ही बाजूंनी कशी करायची. त्या उत्तरांची एक वही संगणकाशेजारी ठेवावी, आजोबांच्याच हस्ताक्षरात. काढलेली जुनी हार्ड डिस्क कागदात गुंडाळून, तिच्यावर तारीख व 'कुलवृत्तांत, मूळ' असे लिहून, घराच्या दस्तऐवजांसोबत कपाटात ठेवावी.