सांगोवांगीचे अंतर



साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत राउटरसारख्या यंत्राचा विषय कशाला, असे काहींना वाटले असेल. संगणकांची जाळी जोडणे आणि बिघडली की दुरुस्त करणे हे माझे आयुष्यभराचे काम. त्यात भेटलेला एक बिघाड ऐकीव माहितीतून उपजलेला होता. तेवढ्यापुरता तो तुमच्या-माझ्या प्रांतातला आहे, म्हणून आज तोच सांगतो.

राउटर म्हणजे जाळ्यातल्या तिठ्यावर बसवलेले यंत्र. आलेले पॅकेट पुढे कोणत्या वाटेने धाडायचे ते ठरवते. त्यासाठी त्याच्याजवळ एक तक्ता असतो: अमुक ठिकाण, इतके टप्पे दूर, तमुक शेजाऱ्याकडून. हा तक्ता भरण्याच्या एका जुन्या रीतीला ‘डिस्टन्स व्हेक्टर’ म्हणतात, म्हणजे अंतर आणि दिशा. तिच्यामागचे गणित १९५०च्या दशकात रिचर्ड बेलमन आणि लेस्टर फोर्ड यांनी मांडले. ‘रिप’ ही तिच्यातली सर्वपरिचित पद्धत १९८८ साली लेखी नियमांत बांधली गेली. नियम सोपा आहे. प्रत्येक राउटर दर ३० सेकंदांनी आपला तक्ता शेजाऱ्यांना ऐकवतो. शेजारी त्यात एक टप्पा मिळवून आपल्या तक्त्यात लिहून घेतो. संपूर्ण नकाशा कोणाजवळच नसतो. सारा कारभार शेजाऱ्याच्या शब्दावर.

आता घडलेली गोष्ट. एका संस्थेच्या शाखा मी जोडल्या होत्या. बडोद्याहून गोध्रा, गोध्र्याहून पुढे दाहोद. पावसाळ्यात गोध्रा–दाहोद तार वारंवार तुटे. त्याचे नवल नव्हते. पण तार तुटल्यावर कधीकधी बडोदे–गोध्रा ही धडधाकट वाटही काही मिनिटे गुदमरून जाई. गोध्र्याला एक तरुण सहकारी होता, अजून नोकरीत कायम न झालेला. त्याने फोन केला, “साहेब, माझ्या तक्त्यात दाहोद बडोद्यावरून दाखवतंय, आणि आकडा वाढत चाललाय.” मी म्हणालो, “अरे, दाहोद तुझ्या पुढे, बडोदं तुझ्या मागे. असं कसं दिसेल? तूच काहीतरी हात घातला असशील.” मग यंत्र बंद करून चालू केले, काम सुरू झाले. आणि वरिष्ठांना लेखी कळवले की दोष गोध्र्याच्या माणसाचा.

तिसऱ्या वेळी मात्र मी यंत्र बंद न करता आधी माझा स्वतःचा तक्ता उघडला. तिथे लिहिले होते: दाहोद, गोध्र्यामार्गे. गोध्रा म्हणत होते बडोद्याला विचारा, आणि बडोदे म्हणत होते गोध्र्याला विचारा!

झाले होते ते असे. तार तुटण्यापूर्वी गोध्र्याच्या हिशेबी दाहोद एक टप्पा दूर होते आणि माझ्या हिशेबी दोन. तार तुटली, गोध्र्याने आपली नोंद काढली. ती वाईट बातमी मला मिळण्याआधीच माझी ठरलेली घोषणा तिथे पोहोचली, “दाहोद दोन टप्प्यांवर.” ही माहिती मुळात त्याचीच, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. त्याने लिहिले तीन. ते ऐकून मी चार, मग तो पाच. दाहोदची पॅकेटे आमच्या दोघांत चेंडूसारखी हेलपाटत राहिली, आणि त्यांचे आयुष्य संपले की नाहीशी होत. ‘रिप’मध्ये १६ हा आकडा म्हणजे अनंत. तिथवर मोजून झाल्यावरच दोघांना उमगे की वाट नाही.

यावर उपाय फार पूर्वीच ठरलेला आहे, ‘स्प्लिट होरायझन’ नावाचा. ज्याच्याकडून बातमी ऐकली, त्याला तीच बातमी परत सांगायची नाही. बऱ्याच शाखा एकाच जोडणीवर आणताना त्यांना एकमेकींची खबर मिळावी म्हणून हा नियम बडोद्याच्या यंत्रावर मी स्वतः बंद करून ठेवला होता. प्रत्येक शाखेची जोडणी वेगळी मांडली, नियम पुन्हा चालू केला आणि दुखणे थांबले.

एका यंत्राच्या बोलण्याने सारे जाळे कसे फसते, याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. १९६९ साली सुरू झालेल्या अर्पानेटमध्ये, पुढच्या काही वर्षांत, हार्वर्डच्या यंत्राची स्मृती बिघडली. सर्व ठिकाणांचे अंतर शून्य, असे ते सांगू लागले. बाकीच्यांनी विश्वास ठेवला आणि आपली वाहतूक तिकडे वळवली.

अशा बिघाडात शोध कसा घ्यावा? तक्ता एकदाच न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाहा. आकडा चढत असेल तर नोंद सांगोवांगीची आहे. पॅकेटची वाट तपासा. तीच दोन नावे आलटून पालटून आली तर घोळ तिथेच आहे. मग नोंदीला विचारा, “हे तुला कोणी सांगितलं?” त्या यंत्राकडे जा, त्यालाही तेच विचारा. माग काढत तुम्ही परत स्वतःपाशी आलात, तर त्या बातमीला बूड नाही. आणि हे सारे लिहून घेईपर्यंत यंत्र बंद करू नका. बंद-चालू केल्याने बिघाड झाकला जातो, पण पुरावाही पुसला जातो.

गोध्र्याच्या सहकाऱ्याविषयीचे पत्र मी लेखी मागे घेतले, त्याची क्षमा मागितली. तो कायमही झाला. पुढे काही वर्षांनी दुसऱ्याच शाखेतले एक अधिकारी मला सावध करीत म्हणाले, “त्या गोध्र्याच्या मुलापासून जपा हं, यंत्रात हात घालतो.” मी विचारले, “तुम्हांला कोणी सांगितलं?” त्यांनी एक नाव घेतले. त्या गृहस्थांना गाठले, त्यांनी दुसरे नाव घेतले. दुसऱ्याने जरा आठवून पाहिले आणि म्हणाले, “अहो, तुमच्याच पत्रात होतं की!”

यंत्रातला नियम मी एका दुपारी चालू केला. ही नोंद खोडायला मला त्या तिघांकडे पुन्हा जावे लागले.