पंपाची सवय लागत नाही

डॉक्टरांनी दम्याच्या रुग्णाला पंप लिहून दिला की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आत्तापासूनच पंप? सवय लागली म्हणजे?" मुलगी लग्नाची असेल तर पंप कपाटात साड्यांच्या घडीखाली जातो. शाळकरी मुलगा तो दप्तरात ठेवायला लाजतो. गोळ्या मात्र सगळ्यांसमोर खुशाल घेतल्या जातात. मृगाला औषधाचा मासा गिळायला हैदराबाद गाठणारी माणसंही पंपाला हात लावायला तयार नसतात. आजची सगळी मिनिटं या एकाच भीतीवर गेली तरी चालतील.

फुप्फुसांची रचना श्रोत्यांना शाळेपासून ठाऊक आहे. श्वासनलिका, तिचे बारीक होत जाणारे फाटे आणि टोकाला 30 कोटींच्या आसपास वायुकोश. ते सपाट पसरले तर सुमारे 70 चौरस मीटर जागा व्यापतील. दम्यात हे वायुकोश सहसा शाबूत असतात. बिघाड होतो तो वाटेतल्या नळ्यांत. नळीचं अस्तर सुजतं, भोवतीचा स्नायू आवळतो, आत चिकट कफ साठतो. नळीचा व्यास निम्म्यावर आला की हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, सोळापटीपर्यंत वाढतो. श्वास सोडताना या नळ्या आणखी आकसतात, म्हणून दमेकरी हवा बाहेर काढताना जास्त झुंजतो आणि छातीत शिट्टी वाजते.

मग औषध कुठे पोचायला हवं? या नळ्यांतच. सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला किंवा जळगावच्या केळीवाल्याला हे फोडून सांगायला नको. गोळी म्हणजे पाटाचं मोकाट पाणी. ती पोटात जाते, रक्तात मिसळते, सगळ्या अंगभर फिरते आणि तिचा थोडासाच भाग छातीला मिळतो. बाकीच्यानं हात थरथरतात, छाती धडधडते. पंप म्हणजे ठिबक: थेंब मुळाशीच. साल्ब्युटॅमॉलच्या एका गोळीत 4 मिलिग्रॅम औषध असतं, तर पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम. म्हणजे त्या एका गोळीत चाळीस फवारे मावतात! ज्याला घरचे 'जोरदार औषध' म्हणून घाबरतात, ते मात्रेनं इतकं कमी असतं.

ही कल्पना सुचवली एका मुलीनं. 1955 साली अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या 13 वर्षांच्या मुलीला दमा होता. औषध फवारायला काचेचं नाजूक उपकरण आणि दाबायचा रबरी फुगा वापरावा लागे. केसांचा स्प्रे जसा डब्यातून येतो तसं माझं औषध का येत नाही, असं तिनं वडिलांना विचारलं. पुढच्याच वर्षी पंप बाजारात आला.

आता पुन्हा सवयीकडे, कारण गफलत इथेच होते. पंप दोन तऱ्हेचे. एक धाप लागल्यावरचा. तो काही मिनिटांत स्नायू सैल करतो, पण सूज तशीच राहते. दुसरा रोजचा, सूज उतरवणारा. ठिबक कुणी बाग सुकल्यावर सुरू करत नाही, ते नेमानं चालवतात. इथे मात्र आठवडाभर बरं वाटलं की रोजचा पंप बंद होतो, सूज परत चढते, धाप लागते आणि घरचे म्हणतात, "बघा, लागली ना सवय!" ती सवय नव्हे, अर्धवट सोडलेला आजार आहे. पंपाची सवय लागत नाही. प्रौढांना नुसत्या धापेच्या पंपावर ठेवू नये, असं 2019 पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

रोजच्या पंपात बहुधा स्टेरॉइड असतं, हे खरं. पण तेही मायक्रोग्रॅममध्येच. नंतर खळखळून चूळ भरली की तोंडात बुरशी धरायचा धोकाही बराच कमी होतो.

फवारा जिभेवर पडला तर ठिबकची नळी मुळापासून हातभर लांब पडल्यासारखंच झालं. आधी पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबताच सावकाश आत ओढायचा आणि दहा सेकंद धरून ठेवायचा. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना स्पेसर, म्हणजे फवारा धरून ठेवणारं नळकांडं, पंपाला लावून द्यावं. कॅप्सूलच्या पंपाची रीत उलटी: तो जोरानं ओढावा लागतो. काहीजण ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळूनच टाकतात! असं करू नका हो, ते औषध पोटासाठी नाही.

वेळ संपत आला. छातीच्या बाकीच्या आजारांपैकी क्षयाबद्दल एवढंच सांगता येईल की खोकला दोन आठवड्यांपुढे गेला तर बेडक्याची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. चुलीच्या धुरानं वर्षानुवर्षं छाती भरलेल्या, कधीही विडी न ओढलेल्या बायकांना जडणारा सीओपीडी हा श्वासनळ्यांचा जुनाट आजार तर वेगळ्याच भाषणाचा विषय. त्यातल्या नळ्या दम्यासारख्या पुरत्या मोकळ्या होत नाहीत. पण औषध तिथेही मुख्यतः पंपातूनच जातं आणि घरातला प्रश्नही तोच असतो. पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना पंप पिशवीत टाकून न्यावा आणि त्यांच्यासमोर एकदा ओढून दाखवावा. चुकत असेल तर ते तिथल्या तिथे सांगतील.