प्रौढ वयातील दंतोपचार आणि जबड्याची शस्त्रक्रिया
(मंडळाच्या बीड येथील वार्षिक स्नेहमेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्या मेळाव्यात प्रतिवर्षी शिक्षण, विवाह, काटकसर अशा विषयांवर विचार मांडले जातात. यंदा आरोग्यावर चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हा आम्ही दात आणि जबडा हा विषय निवडला. काहींस तो क्षुल्लक वाटेल. हृदय, मधुमेह, कर्करोग असे थोर थोर शत्रू दारात उभे असता वेड्यावाकड्या दातांची काय मातब्बरी, असे ते म्हणतील. तथापि ज्यास पुढच्या दातांनी भाकरीचा तुकडा तोडता येत नाही, ज्याचे शब्द लहानपणापासून चुकीचे उमटतात, जो छायाचित्राच्या वेळी मागच्या रांगेत उभा राहतो, त्यास हा विषय क्षुल्लक वाटत नाही. अशी माणसे आपल्या प्रत्येक गावात आहेत.

आम्ही वैद्य नाही. आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येने वयाच्या सव्विसाव्या वर्षी हा उपचार घेण्याचे ठरविले आणि तो पुरा केला. त्या निमित्ताने आम्हांस डॉक्टरांशी पुष्कळ बोलावे लागले, वाचावे लागले आणि घरातील वडील माणसांची समजूतही घालावी लागली. त्या अनुभवातून जे ध्यानी आले ते सांगतो.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. दात वाकडे असणे निराळे आणि जबडा लहानमोठा असणे निराळे. दात वाकडे असतील तर तारा लावून ते सरळ करता येतात. ज्याला आपण ‘क्लिपा लावणे’ म्हणतो तो हाच उपचार. परंतु खालचा जबडाच पुढे वाढला असेल, किंवा वरचा मागे राहिला असेल, तर केवळ दात सरकवून मूळ दोष जात नाही. तेथे हाडाचीच जागा बदलावी लागते. पाया खचलेला असता भिंतीला गिलावा करून काय उपयोग? अमेरिकेतील दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली वरच्या व खालच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून दोषांचे तीन वर्ग पाडले. सव्वाशे वर्षे झाली, तरी दंतवैद्य आजही तीच भाषा बोलतात.

हे दोष का होतात? काही आनुवंशिक असतात. युरोपातील हाब्सबुर्ग राजघराण्याचा पुढे आलेला जबडा इतिहासप्रसिद्ध आहे. त्या घराण्यातील स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स (१६६१–१७००) याला नीट चावताही येत नसे. या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यांत विवाह होत. जबड्याचा दोष आणि हे नात्यांतले विवाह यांचा संबंध दर्शविणारे संशोधन २०१९ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडेही मामाची मुलगी करण्याची चाल आहे. यावरून काय ध्यानात घ्यावे हे सूज्ञांस सांगणे नलगे. काही दोष सवयीने होतात : मोठेपणापर्यंत अंगठा चोखणे, नाक चोंदल्यामुळे सदैव तोंडाने श्वास घेणे. दुधाचे दात किडून अकाली पडले की मागून येणाऱ्या दातांची वाटही चुकते.

आणखी एक कारण आहे, त्याकडे खेड्यातील आईबापांनी विशेष लक्ष द्यावे. लहान मूल झाडावरून, ओट्यावरून, सायकलवरून हनुवटीवर आपटते. वरची जखम आठ दिवसांत भरते आणि सारे विसरून जातात. परंतु कधी कधी कानाजवळ जबड्याच्या सांध्याला मार बसलेला असतो. तो सांधा हळूहळू जखडतो, तोंड उघडेनासे होते आणि खालच्या जबड्याची वाढ खुंटते. पुढे दहा वर्षांनी हनुवटी आत गेलेली दिसते, तेव्हा लोक म्हणतात, “जन्मतःच तसे आहे.” जन्मतः काही नसते. हनुवटीवर पडलेल्या मुलाचे तोंड पूर्ववत् उघडते की नाही हे काही आठवडे पाहत राहावे, आणि शंका येताच डॉक्टरांस दाखवावे.

आता मोठ्या वयाचा प्रश्न. “पंचविशी उलटल्यावर कसल्या तारा?” असे सर्रास म्हटले जाते. हा समज बरोबर नाही. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती सूक्ष्म तंतूंचे वेष्टन असते. तारेचा हलका दाब सतत राहिला की ज्या बाजूस दाब पडतो तेथील हाड झिजते व उलट बाजूस नवे भरते, आणि दात सावकाश सरकतो. हा वेग महिन्यास सुमारे एक मिलिमीटर धरावा. ही क्रिया विशीत होते तशीच चाळिशीतही होते. आरंभी जरा मंद असते इतकेच. वयापेक्षा हिरड्यांचे आरोग्य महत्त्वाचे. हिरड्यांतून रक्त येत असेल, दात हलत असतील, तर आधी त्यावर उपाय झाला पाहिजे. दीड ते दोन वर्षे हा साधारण काळ. तारा काढल्यावर दात पुन्हा जुन्या जागी जाऊ पाहतात, म्हणून ते धरून ठेवणारे साधन दीर्घकाळ वापरावे लागते. हे शेवटचे काम जो टाळतो त्याचे दोन वर्षांचे कष्ट पाण्यात जातात.

जबड्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १८४९ साली अमेरिकेत सायमन हलिहेन यांनी, भाजल्यामुळे जिचा चेहरा विद्रूप झाला होता अशा एका तरुणीच्या खालच्या जबड्यावर शस्त्रक्रिया केली. ही या शास्त्राची पहिली पायरी मानतात. फ्रान्सचे रेने ल फोर यांनी १९०१ साली चेहऱ्याचे हाड कोणकोणत्या रेषांत तुटते याचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि वरचा जबडा सोडवून हलविण्याच्या शस्त्रक्रियेस आजही त्यांचेच नाव आहे. पुढे १९५० च्या दशकात झुरिच येथील ह्यूगो ओब्वेगेसर यांनी खालचा जबडा तोंडाच्या आतूनच दुभागून पुढे-मागे सरकविण्याची पद्धत बसविली. त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहण्याची भीती गेली. आपल्या देशात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास पहिले दंत महाविद्यालय स्थापिले, आणि १९४८ साली दंतवैद्यकाचा कायदा झाला.

चेहऱ्याच्या व्यंगाविषयी बोलताना डॉ. शरदकुमार दीक्षित यांचे स्मरण न करणे कृतघ्नपणाचे होईल. पंढरपूरला जन्मलेले हे शल्यचिकित्सक अमेरिकेस गेले. परंतु दरवर्षी मायदेशी येऊन त्यांनी गावोगावच्या शिबिरांत दुभंगलेल्या ओठांच्या व इतर व्यंगांच्या शस्त्रक्रिया विनामूल्य केल्या. स्वतःचे शरीर अपघाताने व आजाराने जर्जर झाले असताही हे व्रत त्यांनी सोडले नाही. २००१ साली त्यांस पद्मश्री मिळाली. २०११ साली ते निवर्तले. व्यंग हे नशीब म्हणून सोसावयाचे नसते हा धडा त्यांनी हजारो घरांना दिला.

आता प्रत्यक्ष उपचाराचा क्रम सांगतो. शस्त्रक्रिया जबड्याची वाढ पूर्ण थांबल्यावरच करतात. मुलींची वाढ लवकर थांबते, मुलांची विशीच्या आसपास. प्रथम वर्ष-दीड वर्ष तारा लावून प्रत्येक जबड्यातील दात आपापल्या हाडावर नीट उभे करतात. या काळात चेहरा सुधारण्याऐवजी बिघडलेला दिसतो, कारण निसर्गाने दात कलते करून जो दोष झाकला होता तो उघडा पडतो. आमच्या पुतणीची हनुवटी पहिल्या वर्षअखेर अधिकच पुढे दिसू लागली, आणि आळीतील बायका तिच्या आईस म्हणू लागल्या, “पैसे देऊन पोरीचे वाटोळे केले!” डॉक्टरांनी हे आधी सांगून ठेवले होते म्हणून घर डगमगले नाही.

नंतर पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया होते. हाड ठरलेल्या ठिकाणी कापून नव्या जागी बसवितात व टायटॅनियम धातूच्या बारीक पट्ट्या आणि स्क्रूंनी पक्के करतात. पूर्वी दोन्ही जबडे कित्येक आठवडे तारेने बांधून ठेवीत. आता बहुधा रबरांवर भागते. काही दिवस रुग्णालयात, मग घरी. चेहरा इतका सुजतो की पाहणाऱ्याचा जीव घाबरा होतो. ती सूज आठवड्या-आठवड्याने उतरते. हाड सांधण्यास सुमारे सहा आठवडे लागतात. पुढे आणखी काही महिने तारा ठेवून दातांची अखेरची बैठक जमवितात. एकूण दोन ते अडीच वर्षांचा हा प्रपंच आहे.

खाण्यापिण्याविषयी घरातील भगिनी विशेष विचारतात. तारा असताना ऊस सोलून खाणे, फुटाणे फोडणे, चिक्की, कडक लाडू, हे सारे बंद. शस्त्रक्रियेनंतर आरंभी केवळ पातळ अन्न, मग मऊ. आपल्या स्वयंपाकघरात त्याची वाण नाही : ज्वारीच्या पिठाची आंबील, ताक, डाळीचे वरण, भाताची पेज, दुधात कुस्करून गाळलेली भाकरी. बीडचे सीताफळ बिया काढून दुधात घोळले तर त्यासारखा खाऊ नाही. वजन उतरते, म्हणून दिवसातून सहासात वेळा थोडे थोडे द्यावे. प्रत्येक खाण्यानंतर तोंड स्वच्छ करणे हे औषधाइतकेच आवश्यक. मशेरी, तंबाखू, गुटखा यांचा तर पूर्ण त्याग हवा. धूम्रपानाने हाड सांधण्यास विलंब लागतो, आणि सुपारी-गुटख्याने तोंडाचे आतील अस्तर ताठ होऊन तोंडच उघडेनासे होते. मग तेथे तारा लावणार कोठून?

धोके झाकून ठेवणे हा अपराध होईल. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, हाड पुन्हा थोडे मूळ जागी सरकणे, हे संभवते. खालच्या जबड्यातून जाणारी संवेदनेची नस या शस्त्रक्रियेत ताणली जाते, आणि ओठ व हनुवटी बधिर होतात. बहुतेकांची संवेदना काही महिन्यांत परतते, काहींची अंशतः कायमची जाते. आमच्या पुतणीच्या डाव्या ओठाखाली रुपयाएवढी जागा अद्याप बधिर आहे. ती म्हणते, “काका, ही किंमत मला आधी सांगितली होती आणि मी ती कबूल केली होती.” हे वाक्य आपण सर्वांनी ध्यानात ठेवावे असे आम्हांस वाटते.

कारण आपला जिल्हा या बाबतीत पोळलेला आहे. ऊसतोडीस जाणाऱ्या भगिनींची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचा प्रश्न २०१९ साली गाजला, आणि शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. ज्या स्त्रियांस पर्याय सांगितले जात नाहीत त्यांचा होकार हा खरा होकार नव्हे, हे त्या प्रकरणाने शिकविले. म्हणून जबड्याच्या बाबतीतही विचारावे : शस्त्रक्रियेवाचून काय होईल? केवळ तारांनी भागेल काय? तशी शस्त्रक्रिया आपण किती केल्या? एकास दोन तज्ज्ञांचे मत घ्यावे. घाई करण्याचे कारण नाही. हा जीव वाचविण्याचा प्रसंग नव्हे.

आणि आता जे बोलण्यासाठी आम्ही येथे उभे आहोत ते बोलतो. हा उपचार कोणासाठी? वरपक्षाचे लोक पाहावयास येतात, मुलीस हसावयास सांगतात, आणि बाहेर पडताना मध्यस्थाजवळ दातांविषयी बोलून जातात. मग बाप कर्ज काढून मुलीस डॉक्टरांकडे नेतो आणि विचारतो, “मार्गशीर्षापर्यंत होईल का?” २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली निघाल्या. ज्या समाजाने मुली इतक्या कमी करून ठेवल्या, त्यानेच उरलेल्यांचे दात मोजावेत, याहून अधिक लाजिरवाणे काय असेल? आमच्या पुतणीने पहिल्याच दिवशी वडिलांस सांगितले, “मला भाकरी तोडता येत नाही आणि शाळेत मुलांना माझे शब्द समजत नाहीत, म्हणून मी हे करीत आहे. यात लग्नाचा विषय आणू नये.” वडिलांनी ते मान्य केले. सज्ञान मुलामुलीचे शरीर त्याचे आहे. त्याने करावयाचे ठरविले तर घराने पाठीशी उभे राहावे, न करावयाचे ठरविले तर तितक्याच आदराने ते स्वीकारावे.

सोयींविषयी थोडे. बीड शहरात खाजगी दंत महाविद्यालय आहे, लातुरासही आहे. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय १९८२ पासून सेवा देत आहे, आणि महाविद्यालयांतून खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी येतो. आपली शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते काय, हे रुग्णालयातील आरोग्यमित्रास आधीच विचारावे. विमा असेल तर, हा दोष चावणे, बोलणे वा श्वास यांस बाधक आहे असे डॉक्टरांकडून लेखी घ्यावे, कारण केवळ सौंदर्यासाठीच्या उपचारास विमा सहसा मिळत नाही. तारांसाठी दरमहा जावे लागते; ज्यांचे हिवाळ्याचे महिने कारखान्याच्या फडावर जातात, त्यांनी ही अडचण डॉक्टरांस प्रथमच सांगावी.

मंडळास आमच्या तीन सूचना आहेत. विद्यार्थी साहाय्य निधीप्रमाणे उपचारासाठी बिनव्याजी कर्जाची तरतूद व्हावी. संभाजीनगर व लातूर येथे ज्या सभासदांची घरे आहेत त्यांनी उपचारास येणाऱ्यास एक रात्रीचा निवारा द्यावा. बीडहून संभाजीनगर सुमारे सव्वाशे किलोमीटर, पहाटेच्या एस. टी. ने जाऊन रात्री परतणे सुजलेल्या तोंडाने सोपे नाही. आणि वधूवर मेळाव्यात रूपाविषयी प्रश्न विचारण्यास अध्यक्षांनी व्यासपीठावरून मनाई करावी. पहिल्या दोहोंस पैसा व जागा लागेल. तिसरीस काहीच लागत नाही, आजपासून ती अमलात येऊ शकते.

 ज्या घरात असा प्रश्न असेल त्यांनी संकोच न धरता आम्हांस भेटावे. आम्हांस जे ठाऊक आहे ते सांगू, आणि आमची पुतणीही आनंदाने बोलेल. एवढे बोलून आपली रजा घेतो.